एक्सलंट

सुभेदारांकडे शेरे चारच. एक्सलंट, गुड, सॅटिस्फॅक्टरी आणि पुअर. जगातली कोणतीही गोष्ट या चारांपैकी एका खणात बसते. साताऱ्याचा पाऊस एक्सलंट, साताऱ्याचे रस्ते पुअर, धाकटा जावई सॅटिस्फॅक्टरी. वहिनींचे पोहे कायम गुड, कारण 'शेरा चढवला की माणूस ढिला पडतो.' मी शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांनी मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर पोटाशी जरा रेंगाळली. मग "या मास्तर, बसा" म्हणाले. माझा शेरा मला आठवड्यानं वहिनींकडून कळला. चौथा होता.

ही वाटणी सुभेदारांनी काढलेली नव्हे, ती फौजेची. सुभेदारांच्या काळी पलटणीत बीपीईटी नावाची परीक्षा असायची. पाठीवर पिट्ठू, हातात रायफल आणि पाच किलोमीटर दौड. तिशीच्या आतल्या जवानानं 25 मिनिटांत संपवली तर एक्सलंट. पुढे दीड-दीड मिनिटाला शेरा एकेक पायरी खाली. शिवाय दोरावर चढणं, आडव्या दोराला लटकून पलीकडे जाणं, नऊ फुटांचा खड्डा एका उडीत ओलांडणं. सुभेदार 1981 साली, अठराव्या वर्षी, बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये रिक्रूट म्हणून दाखल झाले आणि 2009 साली सुभेदार होऊन घरी आले. मधली 28 वर्षं आम्हा गल्लीकरांना जवळजवळ तोंडपाठ आहेत.

त्यातला मुख्य अध्याय 1988 सालचा. स्थळ अंबाला, डिसेंबरातली पहाट. "धुकं असं, मास्तर, की पुढच्याचा पिट्ठू दिसंना. आवाजावर पळालो. बावीस मिनिट, चाळीस सेकंद! उस्तादनं घड्याळ कानाला लावून बघितलं. म्हनला, गणपत, घडी बंद पडी है क्या?" मराठ्यांना फौजेत गणपत म्हणतात. हे सांगताना सुभेदार आपलं मनगट कानाला लावतात आणि ऐकणाऱ्यानं हसायचं असतं.

मी निवृत्त गणितशिक्षक. आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. 2010 साली मी हा अध्याय पहिल्यांदा ऐकला तेव्हा वेळ होती 24 मिनिटं 20 सेकंद. म्हणजे निवृत्तीनंतर सुभेदार एक पाऊल धावले नाहीत, पण वेळ मात्र वर्षाला सात सेकंदांनी सुधारत गेली. हाच वेग राहिला तर नव्वदीत ते साडेएकोणीस मिनिटांच्या आत येतील. धुकं पहिल्या चार-पाच वर्षांत नव्हतं, ते मागाहून पडलं.

सातारा जिल्ह्यात असा माणूस दर दोन गल्ल्यांमागे एक निघतो. अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. सुट्टीवर आलेला पोरगा पहाटे रस्त्यानं पळताना दिसतो, त्याच्यामागे गावातली भरतीची पोरं. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत आणि बीमला दहा पुलअप, हा त्यांचा जप. आणि त्याच रस्त्याच्या कडेला, पारावर, आधीच्या पिढीचा एखादा फौजी पोटावर हात बांधून सांगत असतो, "पाय उचला रं! आमच्या टायमाला..." पळणारी पोरं आणि पारावरचा तो माणूस यांच्यात तीस वर्षांचं अंतर असतं, आणि वजनाचं म्हणाल तर तितक्याच किलोंचं. या अंतरात काय होतं ते मला सुभेदारांनी दाखवलं.

होतं ते साधंच. फौजेत पहाटे साडेपाचला शिट्टी वाजते, म्हणून माणूस पळतो. पळण्याची सवय लागली असं त्याला वाटतं. खरं म्हणजे सवय शिट्टीची लागलेली असते. सुभेदार घरी आले आणि शिट्टी थांबली. महिन्याभरात त्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी धरली. दहा वर्षं खुर्ची, टेबल, रजिस्टर आणि सलाम. भूक मात्र पलटणीचीच राहिली. लंगरमध्ये सात-आठ पुऱ्या खाणाऱ्या माणसानं गेटवर बसून दोन चपात्या खाव्यात, असा हुकूम कुणी काढला नव्हता. रविवारी मटण, महिन्याला कॅन्टीनचा कोटा, कोपऱ्यावरच्या दुकानाला स्कूटर. पँट शिवणाऱ्या टेलरनं एकदा चुकून माप मोठ्यानं वाचलं, तेव्हा सुभेदारांनी टेलर बदलला.

"मास्तर, अठ्ठावीस वर्षं घाम गाळलाय," ते म्हणायचे. "आता आपुन त्याचं व्याज खातोय."

मला चोपन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. मी चालायला लागलो तो आरोग्याच्या ओढीनं नव्हे, भीतीनं. सोबतीला गल्लीतले एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आले. आम्ही दोघं पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून चार भिंतीच्या चढाला लागायचो. आठ दिवसांत सुभेदारांना बातमी लागली. नवव्या दिवशी मागून आवाज आला, "हात ढिले सोडू नका! कदम मिलाके!"

सुभेदार स्कूटरवर होते. गळ्यात शिट्टी होती.

त्या दिवसापासून आमचं पथक झालं. पुढे मी आणि कंडक्टर, मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी स्कूटर आणि तिच्यावर कमांडर. मराठा लाईट इन्फंट्रीची चाल मिनिटाला 140 पावलांची, इतर बहुतेक पायदळाची 120. सुभेदार घड्याळ बघून ओरडायचे, "एकशे दहा! ही काय चाल झाली? ही वरात झाली!" चार भिंतीला पोहोचल्यावर आम्ही धापा टाकायचो आणि ते स्कूटर स्टँडला लावून प्रसन्न चेहऱ्यानं म्हणायचे, "बघा, एवढ्या चढानं आपल्याला काय पन होत नाही." पेट्रोलचा खर्च त्यांनी कधी आमच्याकडे मागितला नाही, हे नमूद केलं पाहिजे. त्यांनी एक शंभर पानी रजिस्टर मात्र घातलं. तारीख, नाव, शेरा. सहा वर्षांत मी पुअरवरून सॅटिस्फॅक्टरीवर आलो आणि एका दिवाळीच्या पाडव्याला, बहुधा सणाचं म्हणून, गुड.

गेल्या पावसाळ्यात स्कूटर बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, चार दिवस लागतील. कमांडरला पथकाबरोबर पायी निघणं भाग होतं. पहिलं वळण त्यांनी छाती काढून 130 च्या चालीनं घेतलं. दुसऱ्या वळणावर ते थांबले आणि कठड्याला हात टेकून शहराकडे बघू लागले.

"काय झालं, सुभेदार?"

"निरीक्षण."

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर निरीक्षण. तिसऱ्या दिवशी अलीकडच्या विजेच्या खांबापाशी. निरीक्षण करताना घाम खूप येत होता आणि एक हात छातीच्या मध्यावर जात होता. "गॅस," ते म्हणाले. "रात्री वांगं होतं." चौथ्या दिवशी कंडक्टरांनी परस्पर वहिनींना सांगितलं. वहिनींनी ओरडाआरडा केला नाही. दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "भावजी, उद्या ह्यांना दवाखान्यात न्यायचं. स्कूटरची चावी माज्याजवळ हाय." अठ्ठावीस वर्षं सुभेदारांनी अनेक साहेबांच्या हाताखाली काढली, पण हुकूम ज्याला म्हणतात तो असा असतो.

डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचे. "काका, बसा."

"सुभेदार."

"बरं, सुभेदारकाका. तंबाखू?"

"सोडली."

"कधी?"

"आत्ताच. भाईर, दारात."

"दारू?"

"कोट्यातली."

"किती?"

"सरकार देतंय तेवढीच."

मग डॉक्टरांनी ट्रेडमिलची तपासणी लिहून दिली. त्या महिन्यात दोघांनी मिळून केली तर सवलत होती. सवलत दिसली की मध्यमवर्गीय माणसाला तपासणीसुद्धा हवीहवीशी वाटते. मीही नाव घातलं. कंडक्टर नुसतेच सोबत आले.

पहिला नंबर सुभेदारांचा. छातीवरचे केस काढून तारा चिकटवल्या तेव्हा ते ताठ उभे होते, पदक लावून घेताना उभं राहावं तसे. यंत्र चालवणारी मुलगी विशीतली. तिला त्यांनी पहिल्या मिनिटालाच उस्ताद केलं. "बोला उस्ताद, किती किलोमीटर?"

"आजोबा, किलोमीटर नाही. तीन-तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो. त्रास झाला की सांगायचं."

ही पद्धत ब्रूस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बसवली, म्हणून तिला ब्रूस प्रोटोकॉल म्हणतात. पहिली तीन मिनिटं ताशी 2.7 किलोमीटर. सुभेदार आमच्याकडे बघून हसले. "हळदीकुंकवाला निघालोय का?" दुसरी तीन मिनिटं ताशी 4, चढ 12 टक्के. हसणं गेलं, बोलणं चालू होतं. अंबाला आलं, धुकं आलं. तिसऱ्या टप्प्यात ताशी साडेपाच आणि चढ 14 टक्के. अंबाल्याचं धुकं दाट होत गेलं आणि अर्ध्या वाक्यावर आवाज थांबला. मुलीचे डोळे पडद्यावर होते. तिनं आतल्या डॉक्टरांना हाक मारली आणि यंत्र हळू केलं.

"का थांबवलं? मी थांब म्हनलं का?"

"मी म्हणाले," ती मुलगी शांतपणे म्हणाली. उस्ताद अशीच असते.

माझा नंबर नंतर. मी तिसरा टप्पा पुरा केला, चौथ्यात गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सुभेदार बसलेले आणि मी पळतोय, असा प्रसंग आला. मला तो नीट उपभोगता आला नाही, कारण मी रेलिंग घट्ट धरलं होतं.

तासाभरानं रिपोर्ट आले. सुभेदारांनी स्वतःचा आधी उघडला. एका शब्दावर बोट ठेवलं आणि चेहरा उजळला. "पॉझिटिव्ह!" मग माझा हातातून ओढून घेतला. "मास्तर, तुमचं निगेटिव्ह आलंय. घाबरू नका. पुढच्या टायमाला निघंल." माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात मी अजून विसरलेलो नाही. त्यात खरी माया होती.

कंडक्टर चष्मा पुसून त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. एका ओळीशी ते थबकले. "एसटी डिप्रेशन?" त्यांचा स्वर बदलला. "महामंडळ अडचणीत आहे हे आम्हाला मान्य. पण ते सुभेदारांच्या रिपोर्टात कशाला लिहायचं?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कार्डिओग्रामच्या रेषेतल्या एका तुकड्याला एसटी म्हणतात. श्रम पडल्यावर तो खाली दबला, तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय असा संशय घ्यायचा. इथे पॉझिटिव्ह म्हणजे दोष सापडला आणि निगेटिव्ह म्हणजे सापडला नाही. सुभेदारांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले. आयुष्यभर ज्या चार खणांत जग नीट बसलं होतं, ते कुणीतरी उलटे टांगल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"डॉक्टर, यंत्र तपासा. हा मास्तर आयुष्यात शंभर मीटर पळाला नाही. मी मराठा हाय."

डॉक्टर सज्जन होते, आणि त्यांना सांगायची हौसही होती. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली, ते 1953 साली प्रसिद्ध झालं. सरासरी वय 22. तरी शंभरातल्या सत्त्याहत्तर जणांच्या रोहिण्यांत रोगाच्या खुणा होत्या. "ती सगळी तंदुरुस्त पोरं होती, काका. आतून कुणाला काय दिसतं?"

"कोरियात आपली 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स गेलती," सुभेदार म्हणाले. मुद्दा सुटला, की ते पलटण पुढे करतात. "आनि ते अमेरिकन. डब्यातलं खानारे."

"बरं, हे बघा." पॅफेनबार्जर नावाच्या संशोधकानं हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली होती. कॉलेजात मैदान गाजवलेले पण पुढे खुर्चीत बसलेले लोक हृदयविकारापासून जरासुद्धा जास्त सुरक्षित नव्हते. उलट कॉलेजात मैदानाकडे न फिरकलेले पण नंतर हालचाल करायला लागलेले लोक फायद्यात होते. "तुमच्या नोकरीला पेन्शन आहे, काका. दमाला नाही. तो रोजंदारीवर असतो."

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे बघितलं. अशा वेळी नम्र दिसणं फार अवघड असतं.

एवढ्यात डॉक्टरांनी कंडक्टरांचा व्यवसाय विचारला, आणि ऐकताच खुर्चीतून जवळजवळ उठले. लंडनच्या दुमजली बसमधले कंडक्टर आणि ड्रायव्हर यांची जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं तुलना केली होती, तीही 1953 सालीच छापून आली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. आमच्या लालपरीला वरचा मजला नाही, हा तपशील मी सुचवून पाहिला, पण कंडक्टर आता कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. परतीच्या रिक्षात ते मधोमध बसले.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुण्याला अँजिओग्राफी, डावीकडच्या मोठ्या वाहिनीत अडथळा, एक स्टेंट. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेचं कार्ड होतं, म्हणून खर्चाचा घोर नव्हता. चौथ्या दिवशी सुभेदार घरी.

आणि इथे मला एक वेगळाच माणूस दिसला. जो बर्फात पोस्टवर राहिला, ज्यानं गोळी जवळून जाताना ऐकली, तो स्वतःच्या हृदयाला घाबरला. सुभेदारांनी अंथरूण धरलं. पाणी प्यायलासुद्धा उठेनात. कुशीवर वळायचं, तर वहिनींना विचारून. रात्री मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत पडायचे. भेटायला गेलं की हळू आवाजात, "मास्तर, अटेंड सी चाललंय," म्हणायचे. फौजेत डॉक्टर आजारी जवानाला कामातून पूर्ण सुट्टी देतो, ती अटेंड सी. इथे डॉक्टरनं दिली नव्हती, पेशंटनं स्वतःच मंजूर केली होती. डॉक्टरनं लिहून दिलं होतं ते रोज चालायचं, थोडं-थोडं वाढवत.

मी त्यांना डॅलसची गोष्ट सांगितली. 1966 साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. दम इतका खाली आला, की पुढे तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं, तेव्हा तीस वर्षांनी वाढलेल्या वयानंही दम तेवढा घालवलेला नव्हता. सुभेदारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या पोरांना स्टेंट होता का?"

गोष्टीनं जे झालं नाही, ते वहिनींनी केलं. एका पहाटे साडेपाचला गल्लीत शिट्टी वाजली. लांब, कडक, थेट अंबाल्याहून आल्यासारखी. मी खिडकीतून बघितलं, तर ओट्यावर वहिनी उभ्या, डोक्यावर पदर, तोंडात शिट्टी, एका हातात सुभेदारांचे कॅनव्हासचे बूट. आत खाट कुरकुरली. मिनिटभरात सुभेदार दारात होते. शर्टाची बटणं वर-खाली लागली होती, पण हात पँटच्या शिवणीला होते.

आता आम्ही गोडोलीच्या तळ्याकडच्या सपाट रस्त्यानं चालतो. डॉक्टरांनी 'मध्यम गतीनं' असं लिहिलं होतं. सुभेदार चिठ्ठी घेऊन परत गेले. "मध्यम म्हंजे? मिनिटाला किती?" डॉक्टर म्हणाले, शंभर पावलं धरा. सुभेदारांनी तो आकडा ऐकून जो आवंढा गिळला, तो मी पाहिला. एकशे चाळीसवाला माणूस. शिवाय डॉक्टरांनी एक सोपी खूणही सांगितली होती: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. म्हणून दर दहा मिनिटांनी पथक तपासलं जातं. बोलण्याच्या भागाला सुभेदार अंबाला सांगतात. गाण्याची जबाबदारी कंडक्टरांकडे आहे. ते एक अभंग सुरू करतात आणि दुसऱ्या चरणाला धाप लागली, की सुभेदार समाधानानं मान डोलावतात. कंडक्टर मुळातच बेसूर असल्यामुळे ही चाचणी कितपत शास्त्रीय आहे, मला शंका आहे.

अंबाल्याची वेळ गेले पाच महिने 22 मिनिटं 40 सेकंदांवर थांबलेली आहे. धुकं मात्र आहे.

रजिस्टर चालू आहे. परवा ते तळ्याच्या बाकावर राहिलं, म्हणून मी घरी नेऊन दिलं, आणि नेताना उघडून बघितलं. माझ्या नावापुढे निळ्या शाईत गुड, कंडक्टरांच्या नावापुढे गुड. पूर्वी तिथे दोनच नावं असायची. आता खाली तिसरी ओळ होती, स्वतःच्या हातची: सुभेदार. पुढे शेरा पेन्सिलीनं लिहिलेला. सॅटिस्फॅक्टरी.

रजिस्टर हातात देताना मी विचारलं, "पेन्सिल का?"

"शाई संपली," सुभेदार म्हणाले, आणि खिशाला लावलेल्या निळ्या पेनावर त्यांनी हळूच हात ठेवला.